कोकणातील दमट हवेत जुन्या कोब्यावर इपॉक्सी देण्यापूर्वी जमिनीची तयारी कशी करावी?

काजू_उद्योजक (वेंगुर्ले)

नमस्कार. वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजूप्रक्रियेचा लहान कारखाना आहे. त्यातील ग्रेडिंग आणि पॅकिंग या दोन विभागांची जमीन मिळून साधारण ३,००० चौरस फूट आहे. इमारत जुनी असून जोते जांभ्याचे आहे आणि कोब्याखाली दगडी सोलिंग आहे. सोलिंगवर ओल अडवणारा प्लास्टिकचा कागद अंथरला होता असे बांधकामाच्या कोणत्याही कागदपत्रात आढळत नाही. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडून या जमिनीवर इपॉक्सी (राळ आणि हार्डनर, म्हणजे तिला घट्ट करणारा घटक, मिसळून बनणारा) रंग मारून घेतला होता, पण पहिल्याच पावसाळ्यात त्याला फुगे आले आणि पुढे पापुद्रे सुटू लागले. फुगा फोडला की आतून किंचित चिकट, पिवळसर पाणी येते. काही ठिकाणी मात्र पाणी अजिबात नसते आणि पापुद्रा उचलला की त्याच्या पाठीला सिमेंटची पांढरट पूड चिकटलेली दिसते. अन्नसुरक्षा परवान्याच्या अनुसूची ४ नुसार जमीन गुळगुळीत, स्वच्छ करता येण्याजोगी आणि पापुद्रे न सुटणारी असावी लागते, त्यामुळे हे काम टाळता येण्यासारखे नाही.

आता एक ठेकेदार म्हणतो की अ‍ॅसिडने जमीन धुऊन मे महिन्यात, म्हणजे पाऊस सुरू होण्याआधी, रंग मारून टाकू. दुसरा म्हणतो की गॅसच्या ज्योतीने जमीन वाळवली की ओलीची काळजी उरत नाही. याशिवाय कटिंग विभागाकडून येणाऱ्या वाटेवर सालीच्या तेलाने काळवंडलेला एक पट्टा आहे. ओल नेमकी कशी तपासावी, अ‍ॅसिड योग्य की ग्राइंडिंग आणि काम कोणत्या महिन्यात करावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फ्लोअरिंग_कंत्राटदार (कुडाळ)

आपण पापुद्र्याची पाठ पाहिलीत हे फार चांगले केलेत, कारण पुष्कळसे निदान तिथेच होते. पाठीला पूड चिकटून आली याचा अर्थ रंगाची पकड पूर्ण होती, पण ज्या थराला त्याने धरले होते तो थरच कमकुवत होता. कोबा करताना घोटाई जास्त झाली किंवा वर कोरडे सिमेंट भुरभुरवले की सिमेंटची पातळ साय वर येते, आणि ही साय खालच्या काँक्रीटपासून सहज सुटते. फुग्यातले चिकट पाणी हा मात्र वेगळा दोष आहे. खालून आलेला ओलावा काँक्रीटमधले क्षार घेऊन रंगाच्या तळाशी साचतो आणि तिथे दाब वाढत जातो. त्या पाण्याला लाल लिटमस कागद लावून पाहा. तो निळा झाला तर पाणी काँक्रीटमधून आले आहे असे समजण्यास हरकत नाही. म्हणजे आपल्या जमिनीत दोन दोष आहेत आणि एकावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नाही.

अ‍ॅसिडला माझा स्पष्ट विरोध आहे. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड टाकल्यावर ते धुण्यासाठी भरपूर पाणी ओतावे लागते आणि आधीच ओल्या असलेल्या कोब्यात ते पाणी मुरते. धुण्यात कसर राहिली तर मागे उरणारे क्लोराइडचे क्षार हवेतला दमटपणा ओढत राहतात. शिवाय जिथे जुना रंग किंवा तेल आहे तिथे अ‍ॅसिड काँक्रीटपर्यंत पोहोचतच नाही. जुना रंग आणि साय पूर्णपणे निघून वाळूचे कण दिसेपर्यंत डायमंड सेगमेंटच्या (हिऱ्याचे कण बसवलेल्या दात्यांच्या) ग्राइंडरने जमीन घासावी. थर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा देणार असाल तर शॉट ब्लास्टिंग (पोलादी गोळ्यांचा मारा) अधिक चांगले, कारण त्याने मिळणारा खडबडीतपणा सर्वत्र सारखा असतो. यंत्राला व्हॅक्यूम जोडलेलाच असावा. ही धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते, त्यामुळे कामगारांना साधा रुमाल नव्हे, तर योग्य दर्जाचा मास्क द्यावा. घासून झाल्यावर झाडू मारून समाधान मानू नये, तळहात फिरवला तर हाताला पूड लागता कामा नये.

स्थापत्य_अभियंता_निवृत्त (रत्नागिरी)

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, पण ओलीचा उगम ठरवल्याशिवाय ग्राइंडर आणू नये असे मी आग्रहाने सांगेन. कोकणात मे-जूनमध्ये जमिनीला घाम सुटतो, तो बहुधा हवेतला दमटपणा गार जमिनीवर निवल्यामुळे. खालून चढणारी ओल ही निराळी गोष्ट आहे. दोन्हींमुळे जमीन ओलीच दिसते, म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

सर्वांत स्वस्त चाचणी पॉलिथिनच्या कागदाची आहे. सुमारे ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक कागद जमिनीवर पसरून चारही कडा टेपने हवाबंद कराव्यात आणि किमान १६ तास तसाच ठेवावा. कागदाच्या खालच्या बाजूला थेंब जमले किंवा झाकलेला कोबा काळपट पडला तर ओल खालून येते आहे. कागदाच्या वरच्या बाजूला पाणी आणि खाली कोरडे असेल तर तो हवेचा घाम आहे. एक सावधगिरी मात्र बाळगावी. जुना रंग तसाच ठेवून त्यावर कागद लावल्यास निष्कर्ष फसवा निघतो, म्हणून चाचणीपुरता रंग खरवडून काढावा.

तथापि ही चाचणी 'ओल आहे' एवढेच सांगू शकते, 'ओल नाही' याची हमी देत नाही, कारण वरचा थर कोरडा आणि पोट ओले अशी अवस्था काँक्रीटमध्ये नेहमीच असते. त्यासाठी कोब्यात भोक पाडून आत सापेक्ष आर्द्रता मोजतात. एकाच बाजूने वाळणाऱ्या जमिनीत हे भोक जाडीच्या ४० टक्के खोलीवर घेतात, म्हणजे १५० मिलिमीटरच्या काँक्रीटमध्ये ६० मिलिमीटरवर, आणि प्रोब (आर्द्रता मोजणारी नळी) आत बसवल्यावर २४ तासांनी वाचन घेतात. एएसटीएम एफ २१७० या मानकानुसार पहिल्या १,००० चौरस फुटांसाठी तीन आणि पुढील प्रत्येक १,००० साठी किमान एक चाचणी लागते, म्हणजे आपल्याकडे पाच. साध्या इपॉक्सीसाठी अनेक उत्पादक ७५ ते ८० टक्क्यांची मर्यादा घालतात, पण आपण जे उत्पादन घ्याल त्याच्या माहितीपत्रकातला आकडाच प्रमाण मानावा.

गॅसच्या ज्योतीने फक्त वरचे काही मिलिमीटर वाळतात. रंग मारताना जमीन कोरडी भासते आणि पुढच्या काही दिवसांत पोटातली ओल पुन्हा वर येऊन रंगाखाली अडकते. मागच्या वेळी नेमके हेच झाले असण्याची शक्यता मला दाट वाटते.

काजू_उद्योजक (वेंगुर्ले)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे रंग खरवडून कागद लावून पाहिला. ग्रेडिंग विभागात कागदाखाली थेंब स्पष्ट दिसले आणि मागील भिंतीलगत, जिथे बाहेरची जमीन आतल्यापेक्षा उंच आहे, तिथे तर कोबा काळा पडला. त्या भिंतीला खालून हातभर उंचीपर्यंत लोणाही लागला आहे. पॅकिंग विभागात कागदाखाली काहीच आढळले नाही. फुग्यातल्या पाण्याने लाल लिटमस निळा झाला. प्रोबची चाचणी करणाऱ्या संस्थेशी बोलणे सुरू आहे. आता तेलकट पट्ट्याचे काय करावे आणि काम कधी घ्यावे, हे दोन प्रश्न उरतात.

कोटिंग_निरीक्षक (वास्को)

आधी मागील भिंतीबद्दल लिहितो. बाहेरची जमीन उंच असेल तर पावसाचे पाणी जोत्याला टेकून उभे राहते, आणि जांभा सच्छिद्र असल्याने ते आत शिरते. तिथे बाहेरून चर खणून पाणी वळवणे आणि माती जोत्याच्या पातळीखाली नेणे हे काम आत रंगाचा डबा उघडण्यापूर्वी झाले पाहिजे. आतून कितीही महागडा थर दिला तरी बाहेरच्या पाण्याचा दाब तो कायमचा पेलू शकत नाही.

तेलकट पट्ट्यावर पाण्याचे काही थेंब टाकून पाहा. थेंब मुरले तर ठीक आहे, मण्यासारखे उभे राहिले तर तेल अजून आत आहे. अशा जागेवर थेट ग्राइंडर फिरवल्यास तेल घासले जाऊन अधिक पसरते. म्हणून आधी अल्कधर्मी डिग्रीझर (तेल काढणारे रसायन) लावून ब्रशने घासून, ते मळीचे पाणी व्हॅक्यूमने उचलून घ्यावे, पुन्हा धुवावे आणि जमीन वाळल्यानंतरच ग्राइंडिंग करावे. सालीचे तेल दाहक असते, त्यामुळे हे काम करणाऱ्यांना हातमोजे आवश्यक आहेत. ग्राइंडिंगनंतरही थेंब मुरत नसतील तर तेवढा पट्टा फोडून नव्याने काँक्रीट करणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

याच तेलाविषयी एक गोष्ट आपल्याला आवडेल. काजूच्या सालीच्या तेलातील कार्डानॉलपासून फेनाल्कमाइन नावाचे हार्डनर बनवतात आणि ते ओलसर पृष्ठभाग व दमट हवा इतर अनेक हार्डनरपेक्षा चांगली सहन करतात, म्हणून जहाजांच्या रंगांत त्यांचा वापर रूढ आहे. त्यांचा रंग तपकिरी असतो, पण प्रायमर (जमिनीला धरणारा पहिला थर) म्हणून वापरताना त्याने काही बिघडत नाही. आपल्या जमिनीसाठी अशा प्रायमरची चौकशी अवश्य करावी.

आता वेळेविषयी. मे महिना मी पूर्णपणे नाकारतो. जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन निवू लागते त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त असले पाहिजे, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा नियम आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २७ अंशांवर असतो, म्हणजे जमीन किमान ३० अंश हवी, आणि जाड कोब्याची सावलीतली जमीन तेवढी तापत नाही. हवा ३२ अंश व आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू सुमारे २० अंशांवर उतरतो आणि काम निर्धास्तपणे करता येते. अशी हवा कोकणात डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दुपारी मिळते. पहाटे मात्र त्याच महिन्यांत दव पडते, म्हणून सकाळी लवकर सुरुवात करू नये.

इथे एक पेच आहे. काँक्रीट तापत असताना त्यातली हवा बाहेर येते आणि नुकत्याच दिलेल्या, न वाळलेल्या थरात सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, त्यामुळे तापमान उतरू लागल्यावर प्रायमर मारावा असा दंडक आहे. पण समुद्रकाठी सूर्य मावळताच आर्द्रता झपाट्याने चढते. म्हणून दुपारी अडीच-तीनच्या सुमारास सुरुवात करून संध्याकाळपर्यंत थर बसू लागेल इतकेच क्षेत्र हाती घ्यावे. ओलाव्यात हार्डनरची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी अभिक्रिया होऊन वर पांढरट, चिकट साका येऊ शकतो. दुसऱ्या दिवशी तो दिसला तर पाण्याने पुसून, जागा वाळवून मगच पुढचा थर द्यावा, अन्यथा दोन थरांमध्येच सालपट सुटेल.

फ्लोअरिंग_कंत्राटदार (कुडाळ)

प्रायमरच्या सूचनेशी मी अंशतः असहमत आहे. पॅकिंग विभागात प्रोबचे वाचन मर्यादेत आले तर साधी इपॉक्सी प्रणाली पुरेशी होईल. ग्रेडिंग विभागात मात्र कोब्याखाली अडथळाच नसल्याने ओल दरवर्षी येणार, म्हणून तिथे पॉलियुरेथेन सिमेंटचा (पॉलियुरेथेन राळ आणि सिमेंट यांच्या मिश्रणाचा) ६ मिलिमीटरचा थर हा माझ्या मते अधिक भरवशाचा पर्याय आहे. खर्च जास्त येतो, पण तो ओल्या काँक्रीटवर टिकतो आणि गरम पाण्याने धुणेही सोसतो. त्याच्या कडा सुटू नयेत म्हणून भिंतीलगत, दारात आणि गटारीच्या काठाने थराच्या जाडीच्या दुप्पट खोल व दुप्पट रुंद खाच मारावी लागते. ठेकेदार ही खाच टाळू पाहतात, म्हणून ती करारातच लिहून घ्यावी.

दोन्हींपैकी काहीही निवडले तरी तयार जमिनीची पकड मोजून घ्यावी. धातूची चकती चिकटवून ती यंत्राने ओढतात आणि काँक्रीट किमान १.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपर्यंत तुटता कामा नये. त्याआधीच चकतीबरोबर पूड सुटून आली तर साय अजून शिल्लक आहे आणि ग्राइंडर पुन्हा फिरवावा लागेल. ही चाचणी मागील भिंतीजवळ आणि तेलकट पट्ट्यावर अवश्य घ्यावी. ठेकेदार हॉलच्या मध्यावरची चांगली जागा दाखवील, ती स्वीकारू नये.

काजू_उद्योजक (वेंगुर्ले)

पकडीची चाचणी आणि खाच या दोन्ही गोष्टी करारात घालत आहे. मागील बाजूच्या चराचे काम या आठवड्यात सुरू होईल आणि प्रोबची वाचने हाती आली की ती याच धाग्यावर देईन. ग्रेडिंग विभागाचा निर्णय त्यानंतरच घ्यायचे ठरवले आहे.