भिंत # ची की रेघांची?
वरती पोस्टमध्ये भाऊ म्हणताय की अक्षरं-चिन्हांनीच नकाशा काढणाऱ्या भुयारी गेममध्ये # च्या भिंती डोळ्यात खुपतात, | आणि - च्या रेघाच बऱ्या. अर्धं पटलं. पण १९८० च्या 'रोग' (Rogue) गेममध्ये # म्हणजे भिंत नव्हतीच, तो बोळ होता, भिंती | आणि - च्या, नंतरच्या नेटहॅक गेमनेही तेच उचललं. अँगबँड या तशाच गेममध्ये मात्र # हीच भिंत, त्यामुळे नेटहॅकवरून तिकडे गेलो तेव्हा बोळ समजून भिंतीलाच धडका मारत बसलो, त्यात जळगावचा मे महिना, लाइट गेलेली, डोकं आधीच तापलेलं.

आणि रेघांचा एक त्रास कोणी लिहिलाच नाही. नेटहॅकमध्ये उघडं दार पण | किंवा - च दिसतं, मुख्य फरक रंगाचा. धुळ्याच्या मित्राच्या लॅपटॉपवर रंग बंद होते, दारासमोर उभा राहून अर्धा तास दार शोधत होतो!