खैबरच्या तोंडाशी किल्ला बांधला असता तर...

गिरणगावकर: ती फिरणारी पोस्ट वाचलीत? ‘खैबरच्या तोंडाशी एक भक्कम किल्ला असता तर हजार वर्षांची गुलामी टळली असती, आपल्या राजांना एवढंही सुचलं नाही.’ डोकंच फिरलं. १७३८ मध्ये मोगल सुभेदार नासिरखान खिंड अडवून बसलाच होता की! नादिरशहा आडवाटेनं डोंगर ओलांडून त्याच्या पिछाडीला उतरला. १७५९ मध्ये अब्दाली स्वतः दक्षिणेकडच्या बोलन खिंडीतून आला. सिकंदरानं निम्मी फौज खैबरकडून धाडली आणि स्वतः उत्तरेकडच्या कुनार-स्वात खोऱ्यांमधून गेला. कुठे कुठे पहारे बसवणार?

शनवारातला: वेचून वेचून अपवाद आणलेत. बाबर कुठून आला ते का नाही सांगितलं? आणि शिखांचा सेनापती हरिसिंग नलवा, त्यानं १८३६ मध्ये खैबरच्या तोंडाशी जमरूदला किल्ला बांधलाच ना? पुढच्या वर्षी अफगाण चालून आले, किल्ला पडला नाही.

गिरणगावकर: किल्ला राहिला, नलवा गेला. अहो, खिंड तिथल्या आफ्रिदी पठाणांच्या हातात. मोगलांनी त्यांना तनखे दिले, इंग्रजांनीही दिले. टोलनाकाच तो! १६७२ मध्ये बिनसलं तेव्हा काबूलचा मोगल सुभेदार महंमद अमीनखानाची अख्खी फौज खैबरमध्ये कापली गेली. १६७४ मध्ये औरंगजेबाला स्वतः तिकडे पंजाबात हसन अब्दाल गावी तळ ठोकावा लागला. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक. बसवा हिशोब.

मावळखोरे: म्हणजे आता महाराजांचं श्रेय आफ्रिदींना? लाज वाटू द्या जरा. कोंढाणा १६७०, दुसरी सुरत १६७०, साल्हेर फेब्रुवारी १६७२. तुमची खैबरची कत्तल त्यानंतरची. घाटात वाढलोय मी, खिंड कशी लढवतात ते मुंबईत बसून शिकवू नका.

गिरणगावकर: घाटात वाढल्यानं सनावळ्या पाठ होत असतील तर आनंद आहे. साल्हेर आधीची, घ्या, दिली. पण दिलेरखानाला दख्खनमधून तिकडे बोलावलं ते काय हवापालटाला?

मावळखोरे: बोलावलं असेल. मार खाल्लेल्या सरदाराला दुसरीकडे पाठवतातच.

हिंगाष्टक: तासभर वाचतेय, व्यापाराचा एक शब्द नाही! माझे आजोबा मशीद बंदरला सुक्यामेव्याच्या पेढीवर कारकून होते. सरहद्दीवर खुट्ट झालं की शेठ आधी हिंगाचा भाव वाढवायचा, मग पेपर उघडायचा. पोविंद्यांचे, म्हणजे भटक्या अफगाण व्यापाऱ्यांचे, उंटांचे तांडे दर हिवाळ्यात गोमल खिंडीतून उतरायचे, खैबरमधूनही मालाची ये-जा असायची. स्वाऱ्या अधूनमधून, माल दरसाल. किल्ला बांधून रस्ता बंद केला असतात तर जकात कोणी भरली असती?

शनवारातला: हा मुद्दा बरा आहे. किल्ला हवा, पण फाटक उघडं ठेवून, असं म्हणू.

गिरणगावकर: मग ती पोस्ट पुढे ढकलताना एवढंच वाक्य जोडा की.

मावळखोरे: ते राहू दे. आधी ते ‘हिशोब बसवा’ मागे घ्या.