मदत हवी आहे: बाबांचा मेसोथेलिओमा आणि ईएसआयचा (कामगारांच्या सरकारी विम्याचा) दावा

नमस्कार. बाबा मुंबईत ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात होते. खाकी कपड्यांवर अ‍ॅस्बेस्टॉसची पांढरी भुकटी घेऊनच घरी यायचे, आई ते झटकून धुवायची. आता बाबांच्या छातीत पाणी झालंय, बायोप्सीत मेसोथेलिओमा (फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर) निघाला. अ‍ॅस्बेस्टॉसचा हा कॅन्सर २०-४० वर्षांनीही डोकं वर काढतो.

१९९५च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर, जपून ठेवायच्या आहेत. पण कारखानाच बंद पडलाय, मग त्या मागायच्या कोणाकडे? ईएसआयकडे व्यावसायिक आजाराचा दावा कोणी केलाय का? आमच्याकडे फक्त जुनं कार्ड आणि पगाराच्या काही स्लिपा आहेत. आणि आईलाही हल्ली जिना चढताना धाप लागते. तिला आधी कोणत्या डॉक्टरांना दाखवू? कृपया लवकर सांगा.