खान्देशी खिचडी कुकरमध्ये : पाणी, शिट्ट्या आणि तुमचा अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही संध्याकाळी सात-साडेसातला गल्लीतून चाला, एका घरामागून एका घरात कुकरची शिट्टी ऐकू येते आणि त्यातल्या बऱ्याच कुकरमध्ये खिचडी असते. तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, लसूण, हळद, तिखट. सामान घरोघरी जवळपास तेच. तरी पाणी किती आणि शिट्ट्या किती यावर एका घरातल्या दोन जावांचंही एकमत होत नाही. शिकायला बाहेरगावी गेलेली मुलं फोनवर विचारतात तेव्हा आपण म्हणतो, "टाक ना अंदाजाने." त्या अंदाजात काय काय असतं ते सगळ्यांनी मिळून लिहून काढू या, म्हणजे पोरांच्या कामी येईल. कुकर केवढा, वाटी कोणती, पाणी नळाचं की बोअरचं, हे जरूर सांगा. सुरुवात मीच करते.

जळगाव (धागा काढणारी)

आम्ही घरात चौघं. ५ लिटरचा कुकर. दोन वाट्या कोलम तांदूळ, पाऊण वाटी तूरडाळ, सात वाट्या पाणी. या मापाने खिचडी आसट, म्हणजे मऊ-सैल होते. मोकळी हवी असेल तर पाणी साडेपाच वाट्यांवर आणायचं. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत ठेवते आणि तेवढ्यात कांदा-लसूण करून घेते.

फोडणी कुकरमध्येच. तेल जरा सढळ, मोहरी, जिरं, आधी शेंगदाणे. शेंगदाण्याचं साल गडद होऊन फुटायला लागेपर्यंत थांबायचं, कारण कच्चट शेंगदाणा कुकरमध्ये शिजून पांचट लागतो. मग ठेचलेला लसूण, दोन-तीन सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता, उभा चिरलेला कांदा. कांदा गुलाबी झाला की हळद, तिखट आणि अगदी अर्धा चमचा काळा मसाला. काळा मसाला जास्त झाला तर त्याची चव शेवभाजीकडे जाते, आणि मला खिचडीत लसूण पुढे हवा असतो. डाळ-तांदूळ दोन मिनिटं परतून गरम पाणी आणि मीठ घालते. झाकण लावण्याआधी पाणी चाखून बघायचं. ते थोडं खारट लागलं, तरच शिजलेली खिचडी बरोबर होते.

गॅस मोठा ठेवून पहिली शिट्टी, मग बारीक गॅसवर आठ मिनिटं, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्यायची. झाकण उघडल्यावर वर तेलाचा पातळ थर असतो, कढीपत्त्याची पानं कडेला चिकटलेली असतात आणि पाणी जास्त झालंय असं वाटतं. लगेच ढवळू नका. पाच मिनिटांत ते पाणी आत ओढलं जातं, मग पळीच्या पाठीने हलकं दाबत एकत्र करा. ताटात खिचडीला मध्ये आळं करून घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल. शेजारी भाजलेला उडदाचा पापड, कांदा, लोणचं. कढी असली तर ताट पूर्ण झालं.

चोपडा तालुका, शेतकरी

ताई, तुमचं माप आमच्याकडे चालत नाही. कारण पाणी. आमच्या मळ्यातल्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. त्या पाण्यात तूरडाळ कितीही शिट्ट्या काढल्या तरी टणक राहते आणि तोवर तांदळाचा गिचका होतो. गावातल्या नळाच्या पाण्यात तीच डाळ, त्याच कुकरमध्ये लोण्यासारखी शिजते. कृषी विज्ञानाच्या एका तज्ज्ञांनी कारण सांगितलं ते पटलं : जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणाऱ्या पेक्टिन नावाच्या घटकाला घट्ट करतात, म्हणून दाणा फुटत नाही.

पूर्वी घरात चिमूटभर खायचा सोडा टाकायचे. डाळ शिजते, पण चव साबणासारखी होते आणि डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व त्यात नासतं, म्हणून आम्ही तो बंद केला. आता खिचडीपुरतं पाणी गावातून किंवा फिल्टरचं आणतो. ते नसेल त्या दिवशी डाळ वेगळी, तीन-चार तास आधी भिजत घालतो. तांदूळ मात्र अगदी शेवटी धुवायचा. मजूर लोक कामावर असतात तेव्हा सोयीचं पडतं, डाळ सकाळीच भिजते, संध्याकाळी घरी आलं की अर्ध्या तासात ताटं.

आणि टोमॅटो. जड पाणी आणि वर टोमॅटोचा आंबटपणा, मग तर डाळ मुळीच हलत नाही. आंबट हवं असेल तर ते खिचडी झाल्यावर, कैरीच्या लोणच्यातून घ्या.

भुसावळ, निवृत्त शिक्षक

चोपड्याच्या दादांनी पाण्याचं सांगितलं, मी शिट्टीचं सांगतो. दीपनगरच्या औष्णिक केंद्रात वाफेवर वीज होते, तर वर्गात वाफेचा धडा आला की मी आधी मुलांना घरच्या कुकरबद्दल विचारायचो.

उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंशांवर उकळतं आणि गॅस कितीही मोठा केला तरी त्याच्यावर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि वरच्या वजनाने धरलेल्या पूर्ण दाबाला पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. डाळ त्यामुळे लवकर शिजते. शिट्टी म्हणजे फक्त जादा झालेली वाफ बाहेर पडणं. मोठ्या गॅसवर दोन-तीन मिनिटांत चार शिट्ट्या होतात, बारीक गॅसवर एकच शिट्टी व्हायला तेवढाच वेळ किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून "चार शिट्ट्या" हे माप एका घरातून दुसऱ्या घरात नेता येत नाही. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून मिनिटं मोजा, हे माप सगळीकडे चालतं. शिवाय दर शिट्टीला आतलं पाणी वाफ होऊन जातं, म्हणून शिट्ट्या जास्त काढणाऱ्या घरात खिचडी तळाला लागते.

कुकर कधीही अर्ध्याच्या वर भरू नका. डाळ-तांदूळ फुगतात आणि डाळीला फेस येतो. तो फेस शिट्टीच्या नळीत गेला तर नळी बंद होते आणि मग सेफ्टी वॉल्व्हवर भार येतो. १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने हाडं मऊ करण्यासाठी बंद भांडं बनवलं, त्यालाही पुढे दाब सोडायची झडप बसवावीच लागली. तेव्हा दर वेळी कुकर लावण्याआधी ती नळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते बघा, आणि रिंग कडक झाली, चीर गेली की बदला. फोडणीत तेल असतं म्हणून खिचडीला साध्या वरणापेक्षा फेस कमी येतो, पण बघायचं ते बघायचंच.

शिरपूर, पाच वर्षांपूर्वी इकडे आलेली सून (माहेर सातारा)

कच्चं तेल खिचडीवर! मला पहिल्या दिवशी कळेना हे कसं खायचं. आमच्याकडे मुगाच्या खिचडीवर तूप. सासूबाईंनी काही समजावलं नाही, ताटात आळं केलं, तेल सोडलं, वर भाजलेला पापड कुस्करला आणि माझ्याकडे सरकवलं. आता तूप नको वाटतं.

फक्त एक सांगते, तेल कच्चं खायचं असेल तर ते घाण्याचंच घ्या, ज्याला शेंगदाण्याचा वास येतो. बिनवासाचं रिफाइंड वर घालून काही अर्थ नाही. आणि ज्यांना कच्चं जमत नाही त्यांच्यासाठी आमच्या घरी पळीत तेल तापवून त्यात भरपूर लसूण आणि सुकी मिरची तळतात, लसूण बदामी झाला की तो चुरचुरीत तेलासकट ताटात. मुलांना हे जास्त आवडतं.

पुणे (मूळ धुळे), शिकणारा मुलगा

३ लिटरचा कुकर, इंडक्शनची शेगडी, एकटा खाणारा. भुसावळच्या सरांनी लिहिलं ते वाचून आता उलगडा झाला. आई "तीन शिट्ट्या" सांगायची ते तिच्या गॅसचं होतं. इंडक्शनवर कुकर पटकन तापतो, शिट्ट्या धाडधाड होतात आणि आत डाळ कच्ची. माझं माप : पाऊण वाटी तांदूळ, पाव वाटी डाळ, अडीच वाट्या पाणी. पहिल्या शिट्टीनंतर शेगडी सगळ्यात कमीवर, दहा मिनिटं. आकडा प्रत्येकाच्या शेगडीचा वेगळा असेल. कुकर इंडक्शनवर चालणाऱ्या तळाचा आहे का ते आधी बघा, साधा ॲल्युमिनियमचा तापतच नाही.

घरून येताना आई काळा मसाला आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा देते. खोलीवर राहणाऱ्या चौघांत आम्ही दोघं खान्देशचे, एक नांदेडचा, एक कोल्हापूरचा. आता रविवारी रात्री सगळ्यांची खिचडीच ठरलेली आहे.

नवापूर

डाळीबद्दल कुणी लिहिलंच नाही, म्हणून मी लिहिते. नवापूरच्या तूरडाळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, जळगावचं केळं आणि भरताचं वांगं यांनाही त्याच वर्षी मिळालं. आमच्याकडची गावठी तूर आकाराने लहान असते आणि शिजताना घरभर वास सुटतो. तिला बाजारातल्या पॉलिशच्या डाळीपेक्षा पाणी थोडं कमी लागतं असा माझा अनुभव. डाळ जुनी असेल, वर्ष उलटलेलं असेल, तर ती शिजायला वेळ जास्त घेते, हे मात्र कुठल्याही डाळीला लागू. तांदळाचंही लक्षात ठेवा : नव्या तांदळाला पाणी कमी, जुन्याला जास्त.

थंडीत तूर हिरवी असते तेव्हा डाळीऐवजी तुरीचे ओले दाणे मूठ-दोन मूठ टाकून बघा. ते आधी फोडणीत परतायचे, मग तांदूळ. गॅस बारीक केल्यावर पाच-सहा मिनिटं पुरतात.

पारोळा

सगळ्यांचं वाचलं. तरी माझं म्हणणं वेगळं आहे. चुलीवर पितळी पातेल्यात केलेल्या खिचडीला तळाला जी खरवड येते ती कुकरमध्ये येत नाही. आमच्याकडे खळ्यावर माणसं असली की मोठं पातेलं चढायचं, सासू हाक मारायची, "खिचडी व्हई गयी, बठा जेवाले," आणि पोरं खरवडीसाठी भांडायची. कुकरमध्ये वाफ कोंडते, धूर लागत नाही, लसणाची धार जरा मवाळ होते.

पण आता घरात दोघंच, चूल पेटवायची ताकद नाही, म्हणून कुकर. त्यात मी एक करते : खिचडी झाली की झाकण काढून, चमचाभर तेल कडेने सोडून अगदी मंद गॅसवर चार मिनिटं तशीच ठेवते. न ढवळता. जाड तळाच्या कुकरमध्ये बरीचशी खरवड धरते. पातळ तळाच्या कुकरमध्ये हे करू नका, काळं होतं. फोडणीतला अर्धाच लसूण आधी टाकते, अर्धा नंतर वरच्या फोडणीत. तेवढ्याने धार परत येते.

सुरत, उधना (गाव साक्री तालुक्यात)

पारोळ्याच्या मावशी, वरच्या फोडणीचं करून बघितलं. खरंच फरक पडतो. आमच्या गल्लीत निम्मे घरं खान्देशची, इथल्या गुजराती शेजाऱ्यांची खिचडी मऊ आणि फिकी, कढी गोड. आमची तिखट खिचडी आणि त्यांची गोड कढी एका ताटात घेतली तर फार छान लागते.

रावेर

उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. त्या दिवसांत पोळ्या-भाकरी सकाळी आटपतो आणि रात्री फक्त कुकर. पहिली शिट्टी झाली, गॅस बारीक केला की अंगणात येऊन बसायचं. खिचडी आमच्याकडे रोजची झाली त्याला चवीइतकंच हेही कारण आहे असं मला वाटतं.

अमळनेर

एक विचारायचं आहे. माझी खिचडी उघडल्यावर छान असते, पण यजमान रात्री नऊला दुकान बंद करून येतात तोवर दगड होते. पाणी आधीच वाढवलं तर तांदूळ फुटतो. काय करावं?

जळगाव (धागा काढणारी)

अमळनेरच्या ताई, आधी पाणी वाढवू नका. थंड होताना तांदूळ पाणी ओढतच राहतो, म्हणून ती घट्ट होते. यजमान आले की अर्धी-पाऊण वाटी पाणी वेगळं उकळवा, त्यात चिमूटभर मीठ टाका, ते उकळतं पाणी खिचडीवर चारी बाजूंनी ओतून झाकण नुसतं ठेवा, लावू नका, आणि मंद गॅसवर तीन-चार मिनिटं द्या. थंड पाणी ओतलं तर दाणा वरून चिकट आणि आतून कडक राहतो. मग पारोळ्याच्या मावशींची लसणाची फोडणी ऐन वाढताना. नऊ वाजता केल्यासारखी होईल.

कढीच्या मापाचं कुणी लिहिलं नाही अजून. धुळ्याकडच्या कुणीतरी लिहा, तिकडची ताकाची कढी पातळ आणि लसणाची असते, ती खिचडीबरोबर हवी.