‘रिलॅक्सेशन’ला ‘विश्रांती’ म्हणणं बरोबर आहे का?

मात्रा_वेलांटी
योगवर्गाच्या सूचना, समुपदेशनाची पत्रकं, अ‍ॅपवरच्या मराठी ध्वनिफिती, सगळीकडे ‘रिलॅक्सेशन’साठी ‘विश्रांती’ लिहितात. माझं ठाम मत आहे की हा शब्द तिथे चुकतो. विश्रांती म्हणजे श्रम थांबणं. पण काम थांबलं म्हणजे स्नायू सुटले असं होत नाही. माणूस तासभर सोफ्यावर पडून असतो आणि तेव्हाही दात आवळलेले, खांदे कानाकडे चढलेले, जीभ टाळूला चिकटलेली असते. त्याला विश्रांती मिळाली, पण तो सैलावला नाही.

अमेरिकी वैद्य एडमंड जेकबसन यांनी १९२०च्या दशकात नेमकं हेच शिकवायला घेतलं. मनगट मागे वळवायचं, कोपराखाली हाताच्या वरच्या अंगाला जो बारीकसा ताण येतो तो ओळखायचा, मग हात टाकून द्यायचा. हे कौशल्य आहे, ते सरावाने येतं. त्याला ‘शिथिलीकरण’ किंवा सरळ ‘अंग सैल सोडणं’ म्हणा.

भाषांतराचं_टेबल
साफ असहमत. मराठी माणसाच्या कानाला ‘शिथिल’ कसा लागतो ते बघा. निर्बंध शिथिल होतात, शासन निर्णयात वयोमर्यादा ‘शिथिलक्षम’ असते, म्हातारपणी गात्रं शिथिल होतात. यातला एकही अर्थ झोप उडालेल्या रुग्णाला धीर देणारा नाही.

आणि ‘विश्रांती’चा अर्थ तुम्ही फारच आखडून घेतलात. काम बंद एवढाच अर्थ आता रद्द झालेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५५ मध्ये चालायचा: सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती हवी, असं ते सांगायचं. तो कामगाराचा हक्क झाला. पण हठप्रदीपिकेत, हठयोगाच्या जुन्या ग्रंथात, शवासनाला ‘श्रान्तिहरं चित्तविश्रान्तिकारकम्’ म्हटलंय. विश्रांती चित्ताचीही असते, आणि ती परंपरेत आहे.

मात्रा_वेलांटी
तो श्लोक पुन्हा वाचा. चित्तविश्रांती हे तिथे फळ आहे. कृती आधीच्या ओळीत येते: ‘उत्तानं शववद्भूमौ शयनम्’, उताणं, प्रेतासारखं जमिनीवर निजणं. पतंजलीसुद्धा योगसूत्रांत आसन कसं साधतं हे सांगताना (२.४७) ‘प्रयत्नशैथिल्य’ म्हणतो. म्हणजे ‘शिथिल’ हा शब्द या कामासाठी आधीपासूनच वापरात आहे. फळाचं नाव कृतीला दिलं की शिकणारा नुसता पडून राहतो.

सकाळचा_वर्ग
नामावर भांडताय, खरी अडचण क्रियापदात आहे. ‘आराम करा’ म्हटलं की वर्गातले निम्मे लोक झोपतात. ‘अंग सैल करा’ म्हटलं की लोक काहीतरी करायला लागतात: मान हलवतात, खांदे झटकतात, पाय सरकवतात. ‘सैल सोडा’ म्हटलं की हालचाल थांबते. करा आणि सोडा यांत एवढा फरक पडतो. ‘जबडा शिथिल करा’ने काही होत नाही, ‘दातावरून दात सुटू द्या’ म्हणा, चेहरा लगेच बदलतो.

पण शब्दाआधी शवासनात अंगाची मांडणी नीट हवी, नाहीतर कुठलाच शब्द लागू पडत नाही. दोन पायांत फूट-दीड फूट अंतर, हात अंगापासून वीतभर लांब, तळवे वर. कंबर जमिनीवरून कमानीसारखी उचललेली दिसली तर गुडघ्यांखाली घोंगडीची गुंडाळी. हनुवटी छताकडे गेली असेल तर डोक्याखाली चादरीची एक घडी. पाचेक मिनिटांत अंग गार पडायला लागतं, म्हणून शाल आधीच पांघरायची. थंडी वाजली की स्नायू परत आखडतात. डुलकी लागत असेल तर एक हात कोपरात वाकवून उभा धरायचा, झोप आली की तो कलतो आणि जाग येते. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. उठताना आधी कुशीवर वळायचं.

फिजिओ_नाशिक
स्नायू आधी मुद्दाम आवळून मग सोडण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. ५ ते ७ सेकंद आवळा, मग एकदम सोडा आणि २०-३० सेकंद फक्त लक्ष द्या. हळूहळू सोडलं तर फरक जाणवत नाही. जोर पूर्ण लावू नका. पोटरीसाठी पावलं खाली ताणली की गोळा येतो, त्याऐवजी बोटं नडगीकडे ओढा. आवळताना श्वास कोंडू नका, रक्तदाब जास्त असलेल्यांनी तर मुळीच नाही. काही चिंताग्रस्त लोकांना सैल सोडल्यावर उलट धडधड वाढते. त्यांनी डोळे उघडे ठेवून फक्त हातांपासून सुरुवात करावी.

‘आराम’ला माझाही विरोध आहे. दवाखान्यात ‘आठ दिवस आराम’ म्हणजे अंथरुणात पडून राहणं, आणि ‘आराम पडला’ म्हणजे दुखणं कमी झालं. तिसरा अर्थ त्यावर लादू नका.

वारीची_वाट
‘विसावा’ कुणीच घेतला नाही. पालखीचा विसावा वेगळा, मुक्काम वेगळा. मुक्कामाला रात्र काढतात. विसाव्याला पालखी थोडा वेळ टेकते आणि पुन्हा चालू लागते. स्मशानाच्या वाटेवर तिरडी क्षणभर खाली ठेवतात तोही विसावाच. पुढे चालायचं आहे हे त्या शब्दात गृहीत आहे. कामाच्या मध्ये डोळे मिटून घेतलेल्या पाच मिनिटांना हाच शब्द हवा. शवासनाला मात्र नको.

भाषांतराचं_टेबल
‘सैल सोडा’ सूचनेत मान्य. पण पत्रकाच्या शीर्षकात, वर्गाच्या पाटीवर नाम लागतं. तिथे ‘विश्रांती’ वाचून लोक आत येतात, ‘शिथिलीकरण’ वाचून पुढे जातात.

मात्रा_वेलांटी
शीर्षकातही ‘अंग सैल सोडण्याचा सराव’ लिहा. कृती आणि सराव दोन्ही त्यात आले. अ‍ॅपच्या बटणावर जागा नसेल तर ‘सैलावा’.

भाषांतराचं_टेबल
‘सैलावा’ ही आज्ञा वाटतच नाही. गारवा, ओलावा, विसावा यांच्या शेजारी ठेवला तर वाचणारा त्याला नामच समजेल.

सकाळचा_वर्ग
समजू दे की. नामच हवं होतं ना तुम्हाला?