दमा आहे आणि गायनॅक एचआरटी सुचवतायत, घ्यावी का?

प्रश्न: नाशिककर५१
पाळी जाऊन दीडएक वर्ष झालं. रात्री असे हॉट फ्लॅशेस येतात की गाऊन पिळून काढावा. गायनॅक म्हणतात एचआरटी, म्हणजे पाळी गेल्यावर देतात ती हार्मोनची औषधं, सुरू करू. पण मला विशीपासून दमा, फोराकोर्ट (स्टेरॉइड असलेला पंप) रोज सकाळ-संध्याकाळ चालू, आणि पूर्वी पाळीच्या आधी चार दिवस छाती हमखास घरघरायची. म्हणजे हार्मोनचा आणि माझ्या दम्याचा संबंध आहेच ना? नेटवर एकीकडे लिहिलंय एचआरटीने दमा वाढतो, दुसरीकडे कमी होतो, डोकं भणभणलं. छातीच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले गायनॅकला विचारा 🙄

उत्तर: कोथरूडची मावशी
अगं माझ्या जावेला दमा आहे आणि ती हार्मोनचं जेल त्वचेवर लावते, काही त्रास नाही. पण तिचं पाहून तू घेऊ नकोस हं, प्रत्येकीचं वेगळं.

उत्तर: फिजिशियन_सातारा
ताई, इथे बसून घ्या किंवा घेऊ नका असं सांगता येणार नाही, पण गोंधळ का आहे ते सांगतो. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात हार्मोन घेणाऱ्या बायकांमध्ये नव्याने दमा होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, तर २०२१ मध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात उलट कमी दिसलं. दोन्हीत बायकांना गटात वाटून गोळी दिली नव्हती, ज्या आधीच घेत होत्या त्यांच्याकडे बघितलं, त्यामुळे एचआरटीनेच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही. आणि हे आकडे नव्याने होणाऱ्या दम्याचे आहेत, तुमचा तर जुना आहे.

मी काय करेन? आधी दमा कंट्रोलमध्ये आहे का बघेन. अस्थालिन (दम लागल्यावर लगेच घ्यायचा पंप) वारंवार लागतंय, रात्री खोकल्याने जाग येते, तर आधी ते नीट करायचं. पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकून श्वासाचा जोर मोजायचं साधन, घ्या, एचआरटीच्या आधी काही दिवस सकाळ-संध्याकाळ फुंकून वहीत लिहा, सुरू केल्यावरही तेच, आकडा घसरायला लागला तर लगेच कळेल. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन या हार्मोनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही लागतंच, नुसतं इस्ट्रोजेन नाही. घरात ब्रेस्ट कॅन्सर किंवा पायात गुठळी झाल्याची हिस्टरी असेल तर ती गायनॅकना आधी सांगा, तो मुद्दा दम्यापेक्षा मोठा आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, धडधडीसाठी कुणी प्रोप्रानोलॉल लिहून दिली तर दमा आहे हे ठणकावून सांगा, त्याने श्वासनळ्या आवळतात. फोराकोर्ट स्वतःहून बंद करू नका, बायका हॉट फ्लॅशला स्टेरॉइडची उष्णता समजतात आणि पंप सोडतात.

उत्तर: रिटायर्ड_शिक्षिका
हाडांचं कुणी बोललंच नाही! दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घेतल्या असतील तर हाडं आधीच कमकुवत, त्यात पाळी गेली. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, करून घ्या. एचआरटीने हाडांची झीज कमी होते, त्यामुळे तुमच्यासारखीला तोही फायदा धरायचा.

नाशिककर५१
गोळ्यांचे कोर्स झालेत, विसरलेच होते सांगायला. जेलचंही विचारते, मावशी म्हणतायत ती. मीटर मेडिकलवर मिळतो का हो, की ऑनलाइन?

फिजिशियन_सातारा
दोन्हीकडे मिळतो. तीनदा फुंकायचा, सर्वात मोठा आकडा लिहायचा, उभं राहून.