फ्लॅटमधल्या बालवाडीला अंगण कुठून आणायचं?

सांतइनेजची आई
माझी मुलगी साडेतीन वर्षांची. तिची बालवाडी पणजीत, पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. परवा तिला न्यायला लवकर गेले, तर दोन पोरं खिडकीचे गज धरून, भिंतीला पाय टेकवून वर चढू बघत होती. खाली कचऱ्याची गाडी आली होती, ती त्यांना बघायची होती. खिडकीची कड जमिनीपासून तीन फुटांवर, आणि तीन वर्षांचं मूल उंचीला साधारण तेवढंच! सकाळचे तीन तास त्यांना दिसतात ते भिंतीवर रंगवलेले जिराफ आणि ट्यूबलाइट.

आपल्या जुन्या घरांत राजांगण, म्हणजे घराच्या मधोमध उघडं अंगण असायचं, दारात बलकांव, म्हणजे बसायला ओटे असलेला पोर्च असायचा. पोरं तिथेच वाढली. नव्या बालवाडीला परवानगी देताना छपराखालची मोकळी जागा सक्तीची करा. एसी नसला तरी चालेल.

म्हापशात बालवाडी चालवते
ताई, राग मानू नका, पण सक्ती म्हटलं की पोटात गोळा येतो. बाजाराजवळ तळमजल्याचं भाडं एकदा विचारून बघा. माझ्यासारख्यांच्या बालवाड्या बंद पडतील, भरमसाट फीवाल्या तेवढ्या उरतील. माझ्याकडे मासळी विकणाऱ्या बायकांची पोरं आहेत, ती कुठे जाणार?

आणि पावसाळ्याचं काय? चिऱ्याच्या फरशीवर बघता बघता शेवाळ धरतं. आधीच्या जागेत पोर्चवर एक मूल घसरलं, हनुवटीला तीन टाके पडले. त्याच्या आईचा चेहरा मी विसरलेली नाही. माँटेसरीबाईंची पहिली बालवाडीसुद्धा १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो भागात, मजुरांच्या चाळवजा इमारतीतच सुरू झाली होती. शिकवणारी बाई चांगली हवी, जागेचं नंतर बघू.

पर्वरीचा आर्किटेक्ट
माँटेसरीबाईंचा दाखला अर्धाच दिलात. इमारत चाळीसारखी असेल, पण मुलाला स्वतः उचलता येईल अशी खुर्ची, हात पोचेल असं बुटकं कपाट, हा विचार त्यांचाच. म्हणजे जागा आधी मुलाच्या मापाने बघितली होती. टोकियोजवळच्या ताचिकावातली फुजी बालवाडी (२००७) घ्या. तेझुका या आर्किटेक्ट दांपत्याने लंबगोल इमारत बांधली, तिच्या छपरावर पोरं गोल गोल धावतात. जागेवरची मोठी झाडं तोडली नाहीत, छपरातून वर काढली.

एवढी जमीन आपल्या शहरात मिळणार नाही, मान्य. पण इमारतीखालच्या पार्किंगमधली दोन गाड्यांची जागा म्हणजे साधारण पाच मीटर बाय पाच मीटर. पावसातही कोरडी आणि जिना नको.

वास्कोचा सोसायटी सेक्रेटरी
साफ चूक. नकाशात पार्किंग दाखवून परवाना घेतलेला असतो, तिथे वर्ग भरवता येत नाही. शिवाय गाडी मागे घेताना तीन फुटांचं पोर आरशात दिसत नाही. माझ्या सहीने हे कधीच होणार नाही.

सांतइनेजची आई
पार्किंग नको, पटलं. मग उलटं करू. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या बोर्डी गावात काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली पोरं शाळेत येईनात, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पणजीत महापालिकेची उद्यानं सकाळी नऊनंतर रिकामीच असतात. एक सावलीचा कोपरा दोन तास बालवाड्यांना पाळीपाळीने द्या. पावसाचे चार महिने वर्गात बसू, पण उरलेले आठ तरी पोरांचे होतील.

म्हापशात बालवाडी चालवते
खिडकीचं तुमचं बोलणं मनाला लागलं. काल शाळा सुटल्यावर वर्गात गुडघ्यांवर फिरून बघितलं. टेबलांच्या कडा आणि पंखा, एवढंच दिसलं. सुताराला बोलावलंय. खिडकीखाली रुंद पायरी करते, पण आधी गजांना आतून बारीक जाळी बसवून घेते.

सक्तीला मात्र माझा विरोध कायम. उद्यानाचं आवडलं, पण रस्ता ओलांडायला वीस पोरं आणि आम्ही दोघी. मी पुढे, मदतनीस मागे, मग मधल्या पोरांचे हात कोण धरणार? तिसऱ्या बाईचा पगार कुठून येणार ते सांगा, पाऊस संपला की लगेच सुरू करते.